रेषेबाहेर गेलेलं गळू

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात काढलेला कातडीचा लालसर तुकडा, मधोमध काहीतरी पिवळट. अंगाचा कुठला भाग आहे हेही कळेना. खाली मजकूर : "मॅडम, कोळी चावला वाटतं. खूप ठणकतंय. कुठली ट्यूब लावू?"

"काही लावू नका, उद्या सकाळी दहाला या," एवढंच उत्तर दिलं. फोटोत रंग दिसतो, तोही टॉर्चच्या मर्जीनं. गरम आहे का, कडक आहे का, आत काही हलतंय का, हे बोटालाच कळतं आणि फोटोला बोट लावून उपयोग नसतो.

पेशंट छत्तीस वर्षांच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) माझा दवाखाना पुण्यात नारायण पेठेत, नदीपात्रापासून पाच मिनिटांवर. त्यामुळे जून संपला की आमच्याकडे ढोल-ताशा पथकांचे पेशंट सुरू होतात : बोटांना फोड, खांद्याला उसण, कानात शिट्टी. या बाईही सहा वर्षं पथकात ढोल वाजवतात. गणपतीला तीन आठवडे राहिलेले, म्हणजे सराव रोज.

गुरुवारी त्या सासूबाईंना घेऊन आल्या. खरं तर सासूबाई त्यांना घेऊन आल्या. "केसतोड आहे हो डॉक्टर. पोटीस बांध म्हटलं तर ऐकत नाही." सूनबाई कोळ्यावर ठाम. कोळी पाहिला का? नाही. मग? "काल सकाळी उठले तर एवढं मोठं झालं होतं."

हा बिचारा कोळी दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आरोपी म्हणून येतो आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार आजवर एकही मिळालेला नाही. रात्रीत मोठा झालेला, मधे टोक असलेला, दुखरा फोड दिसला की काहीतरी चावलं असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा तो केसाच्या मुळाशी शिरलेल्या जंतूंचा उद्योग असतो. म्हणजे निदानात सासूबाई सुनेच्या पुढे होत्या.

विचारत गेले तसं चित्र स्पष्ट झालं. रविवारी भर पावसात तीन तास सराव. ढोल कमरेला पट्ट्यानं बांधतात. त्याची कड डावीकडे पोट आणि मांडी जिथे मिळतात त्याच्या जरा खाली घासते. ओले कपडे, घाम, घासणं. सोमवारी खाज, मंगळवारी पुळी.

"दाबलीत का?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

"दोन अंगठ्यांनी."

बुधवारी ठणका सुरू. त्याआधी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दोन दिवस लावली होती. ट्यूब पर्समध्येच होती : बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल, सगळं एकात. क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड. त्यानं लाली आणि खाज कमी होते म्हणून लोकांना ट्यूब गुणकारी वाटते. पण ती लाली म्हणजे शरीरानं जंतूंशी लढायला धाडलेली कुमक असते. कुमक थांबवली की जंतूंना रान मोकळं. शिवाय घरात सासूबाईंच्या दाढदुखीतून उरलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या तीन कॅप्सूल होत्या, त्याही घेऊन झाल्या होत्या.

पहिली तपासणी

मांडीच्या वरच्या भागात, पुढच्या बाजूला, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरची लाली. स्पर्शाला गरम. मधे पिवळसर टोक आणि त्यातून डोकावणारा एक केस. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलेलं, दाबल्यावर दुखणारं. ताप ९९, पण सकाळी सातला पॅरासिटामॉल घेतलेली, त्यामुळे त्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. नाडी ९२.

खरा प्रश्न एकच होता : आत पू साठलाय की नाही? दोन बोटं फोडाच्या दोन बाजूंना ठेवायची, एकानं हलकं दाबायचं. गळू पिकलं असेल तर दुसऱ्या बोटाखाली लाट येते, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी. इथे लाट नव्हती. कच्च्या पेरूसारखं घट्ट. कच्च्या गळवाला चीर दिली तर रक्त येतं, पू येत नाही, आणि पेशंट पुन्हा त्या डॉक्टरकडे येत नाही.

बाकी शक्यता मनातल्या मनात खोडत गेले. नागीण असती तर शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे बारीक पाणीदार फोडांचे घोस दिसले असते, आणि फोड यायच्या दोन-तीन दिवस आधीपासून आग झाली असती. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारी, काळ्या-नारिंगी रंगाची नायरोबी माशी (ती माशी नाही, भुंगेरा आहे) अंगावर चिरडली तर तिच्यातल्या रसानं भाजल्यासारखा लांबट ओरखडा उठतो. सांध्याच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन छाप पडतात. तसं इथे नव्हतं. पायाची धावरी, म्हणजे कातडीखाली पसरणारा संसर्ग, आमच्याकडे पावसाळ्यात खूप दिसते. तिचं दार बहुधा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. म्हणून बाईंना मोजे काढायला लावून बेचकी पाहिली. साफ होती.

जांघ आणि काख पाहताना आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते : काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी, आणि सोबत सणसणून ताप. ती स्क्रब टायफसची खूण. एका बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो, आणि कपड्याखाली झाकलेली खपली डॉक्टरनं पाहिलीच नाही तर निदान हुकतं. दुखणाऱ्या फोडानं माणूस निदान दवाखान्यात येतो. न दुखणाऱ्या जखमांचीच मला जास्त धास्ती वाटते : मधुमेहाच्या बधिर पायाची, कुष्ठरोगाची, महिनोन्‌महिने चिघळणाऱ्या टीबीच्या व्रणाची.

मग साखर. ठणठणीत दिसणाऱ्या माणसाला असं गळू झालं की मी बोटाला टोचून बघतेच. पोहे आणि चहा होऊन दोन तास झालेले. ग्लुकोमीटरवर २४३.

बाई म्हणाल्या, "मशीन चुकत असेल."

"गरोदरपणात साखर निघाली होती?"

"हो, पण डिलिव्हरीनंतर गेली."

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो, हे खरं. पण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या निदान सातपट असते. म्हणूनच बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत एकदा, आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायची असते. बाळाला लस द्यायला आई न चुकता जाते, स्वतःच्या रक्ताचं राहून जातं. यांचंही सात वर्षं राहिलं होतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी त्याच दिवशी पाठवली.

निर्णय असा घेतला : सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं कोमट पाण्याचा शेक, ट्यूब कचऱ्यात, दाबायचं नाही, ढोल बंद. ढोल बंद म्हटल्यावर बाईंनी मान हलवली, पण वर्गात गृहपाठ सांगितल्यावर शेवटच्या बाकावरची मुलं हलवतात तशी. निळ्या बॉलपेननं मी लालीच्या कडेनं रेषा आखली. "वाढतंय का ते कळेल," म्हटलं. "शनिवारी दाखवा."

पोटिसाचंही बोलून घेतलं, नाहीतर सासूबाई उठल्या नसत्या. कणकेच्या किंवा जवसाच्या गरम पोटिसात औषध असतं ते उबेचं. उबेनं रक्तपुरवठा वाढतो, गळू लवकर तोंड धरतं. तेच काम कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल करतो, आणि त्यानं कातडी भाजत नाही. हळद-कणीक फुटलेल्या जखमेत भरणं मात्र मला मान्य नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पोटीसच की." म्हटलं, हो काकू, पोटीसच.

चार वर्तुळं

शनिवारी बाई आल्या नाहीत. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला आल्या, रिक्षातून उतरताना डावा पाय उचलत नव्हता.

पट्टी काढली आणि मी पाहतच राहिले. माझी निळी रेषा अंघोळीनं पुसट झालेली. तिच्या बाहेर काळ्या मार्करनं दुसरं वर्तुळ, शेजारी बारीक अक्षरात 'शुक्र. सं. ७'. त्याच्या बाहेर तिसरं, 'शनि. सं. ७'. चौथं, 'रवि. सं. ७'. नकाशातल्या समोच्च रेषांसारखी. आणि लाली चौथ्याच्याही बाहेर, एका बाजूला जवळजवळ आठ सेंटिमीटर.

गणिताच्या बाई. रोज त्याच वेळेला, तारखेनिशी नोंद केली होती.

"अहो, मग आला का नाहीत?"

"गोळ्या चालू होत्या ना. आणि तुम्ही वाढतंय का बघा म्हणालात, म्हणून मी बघत होते."

हा वार मला बसला, आणि बसायलाच हवा होता. रेषा आखून दिली, पण ती ओलांडली तर काय करायचं हे सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की शब्दांत आणायची गरज भासली नाही. शनिवार हुकला तो पथकाच्या बैठकीमुळे. सराव त्यांनी शुक्रवारी केला, "फक्त अर्धा तास". पण निळी रेषा शुक्रवारी संध्याकाळीच ओलांडली गेली होती. मी एक वाक्य जास्त बोलले असते तर तीन दिवस वाचले असते. आता माझ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं असतं : रेषेबाहेर गेलं, ताप आला किंवा ठणका वाढला तर त्याच दिवशी, मला विचारल्याशिवाय, यायचं.

ताप १०१.२. नाडी १०८. साखर ३१२. एचबीएवनसीचा रिपोर्ट शुक्रवारीच आला होता : ८.९. साडेसहा आणि त्यावर म्हणजे मधुमेह, तेव्हा मशीन चुकत नव्हतं. आणि आता बोटाखाली लाट होती.

अशा वेळी पहिल्यांदा पाहायचं ते सर्वांत वाईट. कातडीखालचं आवरण झपाट्यानं सडवणारा संसर्ग विरळा असतो, पण मधुमेह आणि जांघेचा भाग एकत्र आले की तो मनात आणावाच लागतो. दिसतंय त्या मानानं दुखणं अतोनात आहे का? कातडी जांभळी-काळी पडलीय का? पाण्यानं भरलेले मोठे फोड? मधला भाग बधिर? दाबल्यावर कातडीखाली बुडबुडे फुटल्यासारखी करकर? तासातासाला वाढतंय का? यातलं एक जरी असतं तरी पुढचं काही न बघता ॲम्ब्युलन्स बोलावली असती. यातलं काहीच नव्हतं. दुखणं भरपूर होतं, पण जेवढं दिसत होतं तेवढंच. आणि वाढीचा वेग तर मार्करनं लिहूनच ठेवला होता : दिवसाला साधारण एक सेंटिमीटर. त्या वर्तुळांचा असाही उपयोग झाला.

दवाखान्यात मी लहानसहान गळवं फोडते. हे फोडलं नाही. एक तर ताप, नाडी आणि साखर तिन्ही सांगत होते की हे आता एका जागेपुरतं राहिलेलं नाही. दुसरं म्हणजे जागा. जांघेच्या आसपास मांडीची मोठी धमनी जाते, हर्निया तिथेच उतरतो. गळू समजून हर्नियाला चीर दिली तर आतडं हाती येतं. म्हणून तिथे आधी सोनोग्राफी, मग सुरी. ओळखीच्या सर्जनना फोन केला, बाईंना त्यांच्याकडे पाठवलं आणि दवाखाना बंद करून मीही गेले.

सोनोग्राफीत साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरचा कप्पा, कातडीपासून जेमतेम एक सेंटिमीटर खोल, धमनीपासून व्यवस्थित लांब. आत तरंगणारे कण दिसत होते. डॉक्टरनं वरून किंचित दाबलं की ते भोवऱ्यासारखे फिरायचे. गुरुवारीच सोनोग्राफी केली असती तर छोटासा कप्पा तेव्हाही दिसला असता का? कदाचित. बोटाला न लागलेला पू पडद्यावर दिसतो, असं बरेचदा होतं.

चीर

भूल जागेपुरती होती आणि ती नेहमीसारखी अर्धवट चढली. यात कुणाची चूक नसते. पिकलेल्या गळवाभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो, आणि अशा आम्लात भुलीचं औषध लिग्नोकेन मज्जातंतूच्या आत नीट शिरतच नाही. म्हणून सर्जन गळवात न टोचता, त्याच्या भोवती निरोगी कातडीत रिंगण घालून टोचतात. तरीही शेवटचा ठणका उरतोच. बाईंनी माझा हात धरला होता. ढोल वाजवणाऱ्या बाईंची पकड काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

जिथे सर्वांत मऊ लागत होतं तिथे, कातडीच्या वळीच्या दिशेनं, अडीच सेंटिमीटरची चीर. पहिल्या क्षणी काहीच नाही. मग पिवळट-हिरवट, रक्ताचे धागे असलेला दाट पू दाबून ठेवलेल्या नळासारखा उसळला. दहा-बारा मिलिलिटर असेल. वास फारसा नव्हता. सडका, नाकात जाणारा वास असता तर वेगळे जंतू मनात आले असते. सर्जननं पहिलाच पू सिरिंजमध्ये ओढून कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) बाटलीत घातला. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे पाहुणेच जास्त उगवतात. मग आर्टरी फोर्सेप्स आत घालून, उघडून, फिरवून मधले पडदे मोडले. वरून एक दिसणाऱ्या गळवात आत दोन-तीन खोल्या असतात. एक जरी बंद राहिली तरी आठवड्यात पुन्हा तेच. सलाइननं धुतलं. टाका घातला नाही, घालायचाच नसतो. जखम तळापासून वर भरत यायला हवी. कप्पा लहान होता म्हणून गॉजची वातही ठासून भरली नाही, वरून नुसतं ड्रेसिंग.

बाई म्हणाल्या, "ठणका गेला." भुलीनं नव्हे. दाब गेला म्हणून.

रात्री ॲडमिट. सर्जननं शिरेतून क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, साखरेसाठी तात्पुरतं इन्सुलिन, लघवीत कीटोन नाहीत याची खात्री. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं गरोदरपणात झालेलं, म्हणून एक दिलं. बुधवारी सकाळी ताप नव्हता, नाडी ८४, लाली रविवारच्या वर्तुळाच्या आत आलेली. घरी सोडलं.

गुरुवारचा रिपोर्ट

पुवाच्या थेंबात द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू सूक्ष्मदर्शकाखाली मंगळवारीच दिसले होते. ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात हेच घड पाहिले आणि १८८२ मध्ये ग्रीक भाषेतल्या द्राक्षांच्या घडावरून त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. कुठलं औषध चालतं ते कळायला मात्र गुरुवार उजाडला.

पेनिसिलिन : चालत नाही. याचं नवल नाही. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. आणि जगभरचे स्टॅफिलोकोकस त्याच सुमारास पेनिसिलिन पचवायला शिकत होते. सेफॉक्सिटिन (मेथिसिलिनच्या जागी लॅबमध्ये तपासायचं औषध) : चालत नाही. ही खरी बातमी. याचा अर्थ हा एमआरएसए, मेथिसिलिनला न जुमानणारा जंतू. पहिल्यांदा ब्रिटनमध्ये १९६१ ला सापडलेला, आधी इस्पितळांपुरता, आता मोकळ्या समाजात फिरणारा. यावर सेफॅलेक्सिन निरुपयोगी. म्हणजे माझ्या चार दिवसांच्या गोळ्या पाण्यात.

क्लिंडामायसिन : वरवर पाहता चालतं. पण लॅबनं एक चाचणी आणखी केली होती. जंतू वाढवलेल्या बशीत एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची टिकली क्लिंडामायसिनच्या टिकलीशेजारी ठेवली की काही जंतूंच्या बाबतीत क्लिंडामायसिनभोवतीचं स्वच्छ वर्तुळ एका बाजूनं चपटं होतं, इंग्रजी डी अक्षरासारखं. हा जंतू औषधाच्या सहवासात प्रतिकार शिकतो, असा त्याचा अर्थ. इथे डी स्पष्ट उमटला होता. म्हणजे सर्जनचं औषधही भरवशाचं नव्हतं.

गंमत अशी की हा रिपोर्ट माझ्या हातात होता तेव्हा बाई समोर खुर्चीत, दोन्ही पाय टेकवून, बिनतापाच्या बसल्या होत्या. एक औषध निकामी, दुसरं बेभरवशाचं, तरी गळू बरं होत होतं. चीर दिली म्हणून. पुवाच्या कप्प्यात रक्तवाहिन्या नसतात. अगदी योग्य औषधसुद्धा तिथे नीट पोहोचत नाही.

मग गोळ्या बंदच का केल्या नाहीत? कारण लाली मोठी होती, ताप येऊन गेला होता आणि साखर वाढलेली होती. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गळू फोडल्यावर काहींना को-ट्रायमॉक्सॅझोल हे सल्फाचं अँटिबायोटिक आणि काहींना नकली गोळ्या दिल्या. सांगितल्याप्रमाणे उपचार पूर्ण करणाऱ्यांत खऱ्या औषधाचे शंभरातले सुमारे ९३ बरे झाले, नकलीचे सुमारे ८६. या दोन आकड्यांत मला दोन्ही गोष्टी दिसतात : नुसत्या चिरेचं काम केवढं मोठं, आणि गोळ्यांचा फायदा छोटा पण खरा. बाईंचा जंतू को-ट्रायमॉक्सॅझोलला दबत होता. सल्फाची ॲलर्जी नाही, पाळी वेळेवर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू नाहीत, हे विचारून सात दिवस दिल्या. अंगावर पुरळ आलं तर लगेच बंद करायचं, हे या वेळी सांगितलं. चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

पट्टे

ड्रेसिंगला आल्या असताना बाई सहज म्हणाल्या, "आमच्या पथकात अजून दोघांना झालंय असं." एका मुलाला काखेत, एका मुलीला गुडघ्याजवळ. मुलानं गळू घरीच फोडलं होतं.

"ढोलाचे पट्टे कुणाचे?"

"पथकाचे. जो आधी येईल तो घेतो."

सुती पट्टे, घामानं आणि पावसानं भिजलेले, सराव संपला की एका पोत्यात कोंबलेले. खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे नदीपात्रातला सराव बंद होऊन एका मंगल कार्यालयाच्या तळघरात हलला होता, तिथे पट्टे वाळायचा प्रश्नच नव्हता. घाम पुसायला दोन टॉवेल, तेही सामायिक. अमेरिकेत २००३ मध्ये एका व्यावसायिक फुटबॉल संघातल्या ५८ पैकी ५ खेळाडूंना एमआरएसएची गळवं झाली होती. तिथेही खरचटलेली कातडी आणि सामायिक टॉवेल हेच निघालं. ढोल वाजवणं हाही खेळच आहे, निदान कातडीच्या दृष्टीनं.

पथकप्रमुखांना बाईंनीच फोन लावून दिला. त्यांना वाटलं मी सराव बंद करायला सांगतेय. म्हटलं, तसं नाही. पट्टे गरम पाण्यात धुवा, कडक वाळवा, ज्याचा पट्टा त्यालाच. टॉवेल घरून. ज्याला फोड आहे त्यानं तो झाकल्याशिवाय यायचं नाही, आणि पू झाकला जात नसेल तर यायचंच नाही. दाढीचं ब्लेड, रेझर सामायिक नको. हे त्यांनी ऐकलं, पट्ट्यांवर नावंसुद्धा घातली. गुडघ्यावाल्या मुलीचा पू तपासायला गेला. तोच जंतू, औषधांचा तक्ताही तोच. कुणाकडून कुणाला गेला ते कळलं नाही आणि शोधायचा प्रयत्नही केला नाही. दहातल्या तीन माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस काही त्रास न देता राहत असतो. आरोपी शोधायला निघालं तर अर्धं पथक उभं करावं लागेल. पुन्हा पुन्हा गळवं होत असती तर नाकात म्युपिरोसिनचं मलम आणि जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनची अंघोळ, असा पाच दिवसांचा कार्यक्रम बाईंना दिला असता. पहिल्याच वेळेला त्याची गरज नव्हती.

जखम विसाव्या दिवशी भरली. मागे अडीच सेंटिमीटरचा जांभळट वण राहिला. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर त्या पथकाबरोबर चालल्या, पण हातात ढोल नव्हता, टोल (काठीनं वाजवायची धातूची तबकडी) होता. कमरेला काही बांधायचं नाही, या अटीवर मी परवानगी दिली होती.

इन्सुलिन दहा दिवसांत सुटलं. मेटफॉर्मिन, संध्याकाळी पाऊण तास चालणं, आणि डब्यातला भात निम्म्यावर. नोव्हेंबरअखेरीस एचबीएवनसी ७.१, मार्चमध्ये ६.६. त्या नोंदीही वहीत आहेत, तारखेनिशी, आलेखासकट.

मार्चमध्ये सासूबाई सोबत होत्या. सुनेचं झाल्यावर म्हणाल्या, "माझीही बघा एकदा साखर. मला काही होत नाही, पण बघा." सकाळची, उपाशीपोटी, ११८. शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे उंबरठ्यावर, असं सांगितलं.

सूनबाईंनी पर्समधून वही काढली आणि नवीन पान उघडलं.